आधी करंट, मग पेट्रोल, शेवटी कार्बेटर

जुनी पेट्रोल गाडी घेऊन आलेलं गिऱ्हाईक गॅरेजच्या दारातच रोगाचं नाव सांगून मोकळं होतं. "कार्बेटर गेलाय, भाऊ. किट टाकून द्या." मी हो म्हणतो आणि प्लगचा पाना उचलतो. कार्बेटर दाखवला तर हा प्लग कशाला खोलतोय, असं त्याच्या चेहऱ्यावर लगेच उमटतं. पण कार्बेटरच्या नावावर आलेल्या बऱ्याच गाड्या कार्बेटरला हात न लावता बऱ्या होतात. ज्यांचा कार्बेटर खरोखरच उघडावा लागतो, त्यांच्यातही बिघाड एकटा नसतो. एकानं दुसऱ्याला झाकलेलं असतं. ते सोडवायचं तर कामाला क्रम लागतो. या धंद्यात हत्यारं सगळ्यांकडे सारखीच असतात. मिस्त्री वेगळा ठरतो तो याच क्रमामुळे.

माझं गॅरेज सुरतेच्या नवागाममध्ये, डिंडोलीला लागून आहे. उधन्याहून जळगाव-भुसावळकडे जाणारी ताप्ती लाइन इथून जवळ. या लाइनच्या गाड्यांनी खानदेशातली माणसं सुरतेला आली आणि लूमवर, मिलमध्ये, रिंग रोडच्या कपडा मार्केटमध्ये कामाला लागली. मीही त्यांतलाच. आमच्या गल्लीत अहिराणी चालते, दुकानात मराठी, शेठशी गुजराती आणि लूमच्या खात्यात हिंदी. माझ्याकडे येणाऱ्या गाड्या बहुतेक कपड्याचे ताके वाहणारे टेम्पो असतात, डिझेलचे नाहीतर सीएनजीचे. कार्बेटरवाली गाडी आता क्वचित येते. मंडपवाल्याचा जनरेटर, गावाकडच्या फवारणीचा पंप, जुनी मोटरसायकल आणि कधीमधी एखादी जीप.

अशीच एक जीप यंदा उन्हाळ्यात आली. महिंद्राची लांब चासीची पेट्रोल गाडी, मागचे बाक काढून पत्र्याचा हौदा बसवून पिकअप केलेली. मालक साक्री तालुक्यातले. त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांच्या वडिलांच्या काळातली गाडी. त्या वेळी डिझेल स्वस्त म्हणून लोकांनी असल्या जीपांची पेट्रोल इंजिनं उतरवून डिझेलची चढवली. आबांच्या वडिलांनी ऐकलं नाही. आता ही गाडी नवागाममध्ये मंडपाचं सामान वाहते आणि सुगीनंतर गावाकडून बाजरी, शेंगा घेऊन येते.

आबांची तक्रार तीन वाक्यांची होती. "घाटमा गाडी दम टाकस, भाऊ. सिग्नलवर उभी राहिनी का बंद पडस. अन् पेट्रोल बी भलतंच खास." घाट म्हणजे कोंडाईबारी, नवापूर सोडल्यावर साक्रीच्या वाटेवर लागतो तो. तीन तक्रारींची तीन कारणं असू शकतात, एकच असू शकतं, किंवा एकाला लपवायला केलेलं दुसरं असू शकतं. आबांच्या गाडीत हा शेवटचा प्रकार होता. तो कसा उलगडला हे कळायला आधी कार्बेटर करतो काय, ते पाहायला हवं.

नऊ हजार लिटर हवा

पेट्रोल जळायला हवा लागते आणि ती आपल्याला वाटते त्याहून फार जास्त लागते. एक लिटर पेट्रोल पुरतं जळायला साधारण नऊ हजार लिटर हवा. वजनात सांगायचं तर १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा. पेट्रोल याहून कमी पडलं तर मिश्रण 'लीन', जास्त झालं तर 'रिच'. पण इंजिनाला हे प्रमाण सगळीकडे सारखं चालत नाही. थंड इंजिन चालू करताना पेट्रोल जास्त लागतं. चढावर पूर्ण जोर हवा तर १२-१३ भाग हवेला १ भाग पेट्रोल बरं. सपाट रस्त्यावर आरामात चालताना १५-१६ भाग हवाही पुरते. हा सगळा हिशोब कार्बेटर कुठल्याही तारेशिवाय आणि सेन्सरशिवाय करतो.

तो कसा करतो ते सांगतो. इंजिन हवा ओढतं. हवेच्या वाटेत एका जागी नळी अरुंद केलेली असते. अरुंद जागेतून जाताना हवेचा वेग वाढतो आणि तिथला दाब कमी होतो. या नियमाचा पाया डॅनियल बर्नुलीनं १७३८ च्या आपल्या ग्रंथात घातला. अरुंद गळ्याचा परिणाम १७९७ मध्ये इटलीच्या जिओव्हानी बॅटिस्टा व्हेंच्युरीनं मांडला, म्हणून त्या गळ्याला आजही व्हेंच्युरी म्हणतात. गळ्याशेजारच्या वाटीत पेट्रोल असतं आणि त्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा नेहमीचा दाब असतो. गळ्यात दाब कमी, वाटीत जास्त, म्हणून पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून वर ढकललं जातं आणि हवेच्या झोतात फवारलं जातं. फवाऱ्याचा हा कार्बेटर १८९३ च्या सुमारास दोन ठिकाणी वेगवेगळा उभा राहिला. जर्मनीत विल्हेल्म मायबाखनं केला, तर बुडापेस्टमध्ये दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी. त्यानंतर शंभर वर्षं पेट्रोल गाड्या याच तत्त्वावर चालल्या.

वाटीतलं पेट्रोल नेमक्या उंचीवर राहायला हवं. घरावरच्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो तसा इथं फ्लोट असतो. पेट्रोल वर आलं की फ्लोट वर येतो आणि नीडल वॉल्व्ह बंद करतो. पातळी खाली गेली की नीडल उघडते. ही पातळी थोडी चढली तरी सगळं मिश्रण रिच होतं, थोडी उतरली तरी लीन.

याशिवाय आत तीन वेगळ्या वाटा असतात. गाडी जागेवर उभी राहून चालते तेव्हा बटरफ्लाय, म्हणजे ॲक्सिलेटरनं उघडणारी झडप, जवळजवळ बंद असते. तेव्हा गळ्यातून हवा फारशी वाहत नाही, म्हणून झडपेच्या खालून बारीक भोकातून पेट्रोल येतं. ही स्लो जेटची वाट. गाडी वेगात असली की मेन जेट काम करतो. एकदम ॲक्सिलेटर दाबला तर हवा लगेच धावते आणि पेट्रोल मागे राहतं, म्हणून एक छोटा डायाफ्रॅमचा पंप त्या क्षणी पेट्रोलची धार मारतो. थंडीत चालू करायला चोक वेगळा.

या वाटा कळल्या की तक्रारीचा अर्थ लावता येतो. जागेवर बंद पडते पण रस्त्यावर नीट चालते, तर स्लो जेट किंवा कुठून तरी चोरटी हवा. ॲक्सिलेटर दाबताच झटका देते आणि मग सावरते, तर पंपाचा डायाफ्रॅम. वेगात किंवा चढावर दम टाकते, तर मेन जेट किंवा वाटीत पेट्रोलच कमी पोचतंय. म्हणून गाडी बिघडली आहे का, यापेक्षा ती केव्हा बिघडते, हे मी आधी विचारतो. थंड असताना की गरम झाल्यावर? चढावर की उतारावर? टाकी भरलेली असताना की रिकामी होत आल्यावर? गिऱ्हाइकाला ही उलटतपासणी वाटते, पण कार्बेटरचा अर्धा पत्ता या उत्तरांत असतो.

पहिली पायरी: करंट

आबांच्या जीपचं इंजिन महिंद्राच्या जुन्या पेट्रोल गाड्यांमधलं नेहमीचं. मूळ विलीजचं 'हरिकेन', चार सिलिंडर, २,१९९ सीसी. त्याची रचना वेगळी आहे. आत घेणारे वॉल्व्ह वर हेडमध्ये आणि बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. इनटेक मॅनिफोल्ड वेगळा नाही, तो हेडमध्येच ओतलेला. कार्बेटर हेडच्या वर बसतो. याचा परिणाम पुढे येईल.

चारही प्लग काढून क्रमानं फडक्यावर ठेवले. प्लगचं टोक आतल्या जळण्याची खबर देतं. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. चुन्यासारखं पांढरं म्हणजे पेट्रोल कमी. तेलकट काळं म्हणजे रिंगा किंवा वॉल्व्हकडून ऑइल येतंय, आणि तसं असेल तर कार्बेटरवर पैसे घालण्यात अर्थ नाही. आबांच्या गाडीचे चारही प्लग कोरडे काळे होते. पेट्रोल जास्त खाते, ही तक्रार इथं पटली. पण जागेवर बंद का पडते, ते यातून कळत नव्हतं.

मग कॉम्प्रेशन पाहिलं. चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ होते, म्हणजे इंजिनाची तब्येत बरी. डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं तर पॉइंट जळून खड्डे पडलेले. ठिणगी निळी आणि कडक हवी, ती पिवळी आणि मरतुकडी येत होती. कंडेन्सर गेला की पॉइंट असे जळतात. गाडी गरम झाल्यावर असा कंडेन्सर जास्त त्रास देतो आणि नेमकं कार्बेटरचंच सोंग घेतो. या इंजिनाला पॉइंटमध्ये ०.०२० इंच आणि प्लगमध्ये ०.०३० इंच अंतर लागतं. नवे पॉइंट, नवा कंडेन्सर, अंतर फीलर गेजनं मोजून, टायमिंग लावून गाडी चालू केली. आवाज सुधारला, मिसिंग कमी झालं. सिग्नलवर मात्र अजून बंद पडत होती.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी धुळ्याला उस्तादांकडे शिकलो. पॉइंट, पंप, जेट सगळं एकाच दुपारी बदललं आणि गाडी चालली, तर ती कशामुळे चालली हे कुणालाच कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा सगळंच बदलावं लागतं, आणि ते गिऱ्हाइकाच्या खिशातून.

दुसरी पायरी: पेट्रोल पोचतंय का

पेट्रोल टाकीतून कार्बेटरपर्यंत आणणारा यांत्रिक पंप इंजिनाच्या बाजूला बसलेला असतो. सगळे मिस्त्री त्याला 'एसी पंप' म्हणतात. तो तपासायची रीत सोपी आहे. कॉइलची तार काढायची म्हणजे गाडी पेटणार नाही, कार्बेटरकडे जाणारी नळी सोडवून बाटलीत घालायची आणि सेल्फ मारायचा. प्रत्येक झटक्याला ठसठशीत धार यायला हवी. गेज असेल तर दाब साधारण अडीच ते पावणेचार पौंड दिसतो. दाब याहून जास्त असेल तर तोही घातक, कारण तो नीडलला बंद होऊ देत नाही आणि वाटी भरून वाहते.

आबांच्या गाडीची धार सुरुवातीला बरी आली, मग बारीक होत गेली. म्हणजे पंप ठीक, मागून पेट्रोल कमी येतंय. आधी टाकीचं झाकण पाहिलं. झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलं तर पेट्रोल काढता काढता टाकीत पोकळी तयार होते, गाडी काही अंतरावर थांबते आणि झाकण उघडलं की 'हिस्स' आवाज होऊन पुन्हा चालू होते. या एका भोकापायी लोकांनी कार्बेटर बदललेले मी पाहिले आहेत. इथं झाकण साफ होतं. फिल्टर काढून पांढऱ्या फडक्यावर उलटा केला तर लाल गंजाचा चिखल. टाकी उतरवून धुतली, फिल्टर नवा बसवला. टाकीजवळच्या रबरी नळीचा तुकडा आतून सुजला होता, तोही बदलला.

ऑइलची डिपस्टिक हुंगायलाही विसरू नका. पंपाचा डायाफ्रॅम फाटला तर पेट्रोल गळून इंजिनच्या ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि बेअरिंग खातं. बाहेर एक थेंब दिसत नाही.

आता चढावर दम टाकण्याचं एक कारण सापडलं होतं. चढावर इंजिन जास्त पेट्रोल मागतं, तेव्हाच गंजलेला फिल्टर ते अडवत होता. काळे प्लग आणि सिग्नलवर बंद पडणं, हे दोन्ही मात्र तसंच राहिलं. त्यात एक विसंगती होती. काळे प्लग सांगतात पेट्रोल जास्त, आणि जागेवर बंद पडण्याची तऱ्हा पेट्रोल कमी असल्याची. दोन्ही एकाच गाडीत कसं?

तिसरी पायरी: चोरटी हवा

गाडी चालू ठेवून कार्बेटरच्या बुडाशी आणि बटरफ्लायच्या दांडीच्या दोन्ही टोकांवर पाण्याचा बारीक फवारा मारला. काही मिस्त्री इथं पेट्रोल शिंपडतात. गरम इंजिनावर तो आगीशी खेळ आहे, करू नका. पाणी पडताच दांडीच्या एका टोकाला इंजिनचा आवाज बदलला, क्षणभर सावरल्यासारखा झाला. म्हणजे तिथून हवा आत जात होती आणि पाण्यानं ती क्षणभर अडवली.

हा जुन्या कार्बेटरचा वयाचा आजार. ॲक्सिलेटर दाबला की दांडी फिरते. वर्षानुवर्षं फिरून तिचं भोक लांबट होतं आणि त्या फटीतून मोजमापात नसलेली हवा इंजिनात जाते. बटरफ्लाय बंद असताना, म्हणजे सिग्नलवर, आत पोकळी सगळ्यांत जास्त असते, म्हणून तिथं ही हवा सगळ्यांत जास्त छळते. मिश्रण लीन होतं आणि गाडी बंद पडते. नवं किट याला बरं करू शकत नाही, कारण किटमध्ये पॅकिंग, नीडल, डायाफ्रॅम असतात. दांडीचं भोक किटमध्ये मिळत नाही.

आता कार्बेटर उतरवायचा.

उघडल्यावर

आधी बॅटरीची तार काढली. आजूबाजूच्या लूमवाल्या पोरांना सांगितलं की अर्धा तास इथं बिडी नको. वाळूची बादली जवळ ठेवली. गाडीवर होता तसा कार्बेटरचा चारही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढला. पूर्वी आम्ही कागदावर चित्र काढायचो, कारण लिंकेजची एक कडी उलटी बसली तर ॲक्सिलेटर अडकू शकतो.

कार्बेटर सोलेक्सचा होता, जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव. वरचं झाकण काढलं. वाटीच्या तळाशी गंजाची लाल रेघ आणि कडेला पांढरी भुकटी. पाणी शिरून धातू खाल्ला की अशी भुकटी दिसते. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीच्या पुरानं सुरत बुडाली, त्यानंतर आलेल्या गाड्यांच्या वाट्यांमध्ये हा पांढरा थर आणि खाली गाळ अशी जोडी पाहिली होती. इथं पूर नव्हता, तरी पाणी होतं. ते कुठून आलं, ते पुढे सांगतो.

फ्लोट कानाशी धरून हलवला. आत खळखळ नाही. तरी गरम पाण्यात बुडवून पाहिला. भोक असेल तर आतली हवा तापून बुडबुडे येतात. पितळी फ्लोटला डाग देताना कथील जपून घालायचं, कारण वजन वाढलं की फ्लोट खोल बसतो आणि वाटीतली पातळी चढते. नीडलच्या टोकावर गोल खाच पडली होती. ती बदलायचीच. सोलेक्समध्ये नीडलच्या बैठकीखाली वॉशर असतो आणि त्याच्या जाडीवरच पेट्रोलची पातळी ठरते. किटमधला वॉशर डोळे मिटून टाकायचा नाही, जुन्याची जाडी मोजून तेवढाच टाकायचा.

मग मेन जेट काढला आणि सगळ्या विसंगतीचं उत्तर हातात आलं. जेटवर १२० कोरलेलं होतं. सोलेक्सच्या जेटचा आकडा मिलिमीटरचा शंभरावा भाग सांगतो, म्हणजे भोक १.२० मिलिमीटर हवं. मी १.२५ च्या ड्रिलचा मागचा गुळगुळीत दांडा घालून पाहिला. तो अलगद आरपार गेला. कुणीतरी पूर्वी तार घालून भोक मोठं केलं होतं. चोरट्या हवेमुळे गाडी बंद पडत होती, तेव्हा हवा बंद करण्याऐवजी पेट्रोल वाढवण्यात आलं. त्यानं सिग्नलवर फारसा फरक पडला नाही, कारण तिथं स्लो जेट काम करतो. रस्त्यावर मात्र गाडी पेट्रोल प्यायला लागली.

०.०५ मिलिमीटर म्हणजे किती? डोळ्याला दिसत नाही, नखाला लागत नाही. पण भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं. १.२० चं १.२५ झालं की साडेआठ टक्के जास्त पेट्रोल जातं. म्हणून जेट साफ करायला तार कधीच नको. पेट्रोलमध्ये भिजवायचा, कार्बेटर क्लीनरचा स्प्रे मारायचा आणि कॉम्प्रेसरची हवा उलट्या दिशेनं द्यायची. स्प्रे मारण्याआधी रबर आणि डायाफ्रॅम बाजूला काढायचे, नाहीतर तो त्यांनाच खातो. प्रत्येक वाटेत एका बाजूनं हवा मारली की दुसऱ्या बाजूला बोटाला लागली पाहिजे. लागेपर्यंत पुढे जायचं नाही.

दांडीचं काम उधन्यातल्या लेथवाल्याकडे नेलं. त्यानं भोक मोठं करून पितळी बुश बसवला आणि दांडीच्या मापानं रीमर फिरवला. बटरफ्लाय परत बसवताना ती प्रकाशाकडे धरून पाहायची. बंद असताना कडेनं उजेडाची रेघ सगळीकडे सारखी बारीक दिसायला हवी. बुडाची सपाटी काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर ठेवून घासून सरळ केली. जास्त आवळल्यानं हे बूड वाकतं आणि मग पॅकिंगही हवा अडवत नाही.

कार्बेटर आणि हेडच्या मधला जाड उष्णतारोधक ठोकळा जागेवर होता, हे बरं झालं. या इंजिनात कार्बेटर थेट गरम हेडवर बसतो. ठोकळा काढून टाकला तर मे महिन्यात गाडी बंद केल्यावर वाटीतलं पेट्रोल उकळतं, मॅनिफोल्डमध्ये उतरतं आणि गाडी थंड होईपर्यंत चालू होत नाही. लोक मग पुन्हा कार्बेटरलाच दोष देतात.

इथेनॉलचा हिशोब

वाटीतलं पाणी कुठून आलं, याचं बरंचसं उत्तर आजच्या पेट्रोलमध्ये आहे. आपल्याकडे जानेवारी २००३ पासून काही राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. जून २०२२ मध्ये देशभर १० टक्क्यांचा टप्पा गाठला, २०२३ मध्ये २० टक्क्यांचं ई-२० पंपांवर आलं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचं उद्दिष्ट पूर्ण झाल्याचं सरकारनं जाहीर केलं. उसाला आणि मक्याला त्यानं गिऱ्हाईक मिळालं, परदेशी तेलावरचा खर्चही कमी होतो. नव्या गाड्या त्यासाठी बनलेल्या आहेत. १९७०-८० च्या गाड्या नाहीत.

इथेनॉल हवेतली ओल शोषतं. मंडपाच्या दोन मोसमांच्या मधल्या काळात गाडी उभी राहिली की ती ओल तळाशी बसते आणि जस्ताचा धातू खाते. जुनं रबर त्यात सुजतं. टाकीजवळची नळी त्यामुळेच सुजली असावी. म्हणून नळी आणि डायाफ्रॅम घेताना इथेनॉल चालणारं रबर मागून घ्यावं, आणि गाडी जास्त दिवस उभी ठेवायची असेल तर वाटी रिकामी करून ठेवावी.

दुसरा परिणाम हिशोबाचा. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून ते जळायला हवा कमी लागते, १ भागाला साधारण ९ भाग. ई-२० वर गाडीला तेवढ्याच हवेसाठी सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर ते ओळखतो आणि आपोआप वाढवतो. कार्बेटरला ओळखता येत नाही, त्याचं भोक ठरलेलं. म्हणजे १२० जेटच्या गाडीत ई-२० भरलं की ती थोडी लीन चालणार आणि १२५ चा जेट हा फरक जवळजवळ भरून काढणार. आबांच्या गाडीत कुणीतरी तारेनं केलेलं भोक याच मापाच्या आसपास गेलं होतं, पण ते भोक वेडंवाकडं आणि कडा ओरखडलेल्या. शिवाय प्लग काळे, म्हणजे भोक १२५ च्याही पुढे गेलेलं. मी आधी नवा १२० बसवला, गाडी चालवून प्लग पाहिले, ते पांढुरके आले, मग मापाचा १२५ घातला. त्यावर ते फिकट तपकिरी आले. अंदाजानं मोठं केलेलं भोक आणि मोजून निवडलेला जेट यांत हा फरक.

ट्युनिंग

कार्बेटर बसवल्यावर इंजिन पूर्ण गरम होऊ द्यायचं. थंड इंजिनावर केलेलं ट्युनिंग रस्त्यावर टिकत नाही. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हातानं बंद करून दीड फेरी उघडायचा. जोरात आवळला तर टोकाला खाच पडते आणि मग तो कधीच नीट लागत नाही. जागेवरचा वेग ६०० फेऱ्यांच्या आसपास ठेवायचा. मग मिश्रणाचा स्क्रू थोडा थोडा फिरवत जिथं इंजिन सगळ्यांत वेगात आणि एकसारखं चालतं ती जागा शोधायची, वेग पुन्हा खाली आणायचा, परत एकदा तेच करायचं. उस्ताद हे कानानं करायचे. मी कानाबरोबर व्हॅक्यूम गेजही लावतो. सुरत समुद्रसपाटीजवळ आहे, इथं धडधाकट इंजिनाचा काटा १७ ते २१ इंचांमध्ये स्थिर उभा राहतो. आबांच्या गाडीचा काटा आधी थरथरत खाली होता. आता १९ वर उभा राहिला.

कडोदऱ्याकडे चक्कर मारून आलो. सिग्नलवर गाडी उभी राहिली आणि चालत राहिली. खरी परीक्षा घाटाची, ती आबांनी घेतली. चढून गेल्यावर दहिवेलहून फोन केला: "भाऊ, दुसरा गिअरमा घाट चढी गयी. एक झटका नही." पेट्रोलचा हिशोब ते टाकी भरून पुढच्या खेपेला सांगणार आहेत. मीही तोवर काही दावा करत नाही.

बिलावर काय लिहून घ्यावं

कार्बेटरची गाडी आता रस्त्यावर कमी दिसते. २००० पासून प्रदूषणाचे नियम एकेक पायरी कडक होत गेले, तसं चारचाकींमध्ये इंजेक्शन आलं. १ एप्रिल २०२० ला भारत स्टेज ६ लागू झालं, त्यानंतर नव्या दुचाकींमधूनही कार्बेटर जवळपास गेला. माझ्याकडे शिकायला येणारी पोरं स्कॅनर लावून कोड वाचतात आणि ते शिकायलाच हवं. पण स्कॅनर सांगतो 'मिश्रण लीन', ते कशामुळे लीन झालं हे मिस्त्रीलाच शोधावं लागतं. चोरटी हवा तिथंही असते, अडलेला फिल्टर तिथंही असतो. म्हणून मी त्यांना हा क्रम कार्बेटरवरच शिकवतो. सगळं उघडं दिसतं, हाताला लागतं आणि एक भाग चुकला की लगेच आवाजात कळतं.

तुमच्या घरी अशी जुनी गाडी असेल तर मिस्त्रीला तीन गोष्टी विचारा. कार्बेटर उघडण्याआधी करंट आणि पेट्रोल तपासलं का? बुडाशी आणि दांडीशी हवा जाते का, ते पाहिलं का? आत कुठल्या नंबरचा जेट होता आणि आता कुठला आहे? काढलेले जुने भाग पिशवीत मागून घ्या. बिलावर नुसतं 'किट टाकलं' लिहून देत असेल तर थांबवा, प्रत्येक बदल वेगळा लिहायला लावा. आबांच्या बिलावर पॉइंट, कंडेन्सर, फिल्टर, नळी, नीडल, डायाफ्रॅम, पॅकिंग, बुश आणि जेट अशा वेगवेगळ्या ओळी होत्या आणि त्यातली सगळ्यांत महाग ओळ लेथची होती. जेटचा नंबर, पॉइंटचं आणि प्लगचं अंतर एका चिठ्ठीवर लिहून ती आरसी बुकाच्या पाकिटात ठेवायला मी त्यांना सांगितलं. पुढचा मिस्त्री कोण असेल माहीत नाही. पण निदान त्याला तार घालून अंदाज घ्यायची गरज पडणार नाही.